आइसलंडचा दक्षिण किनारा गाडीने: पूर्ण वळसा घालावा की अर्ध्यावरून परत फिरावे?

सह्यवाट (पुणे)

सप्टेंबर २०२४ मध्ये मी, माझी पत्नी आणि सत्तरीची माझी आई असे आम्ही तिघे आइसलंडमध्ये आठ दिवस गाडीने फिरून आलो. तेव्हापासून ओळखीच्या अनेकांनी आराखडा मागितला. प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा येथे एकदाच सविस्तर लिहावे आणि जाणकारांनी त्यात भर घालावी, या हेतूने हा धागा काढत आहे.

आमचा मूळ बेत एक क्रमांकाच्या रस्त्यावरून देशाची पूर्ण प्रदक्षिणा करण्याचा होता. हा रस्ता सुमारे १,३२० किलोमीटरचा आहे, म्हणजे पुण्याहून नागपूरला जाऊन परत येण्यापेक्षाही कमी. आठ दिवसांनी भागले की दिवसाला १६५ किलोमीटर येतात, आणि कोथरूडच्या घरात जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरून बसले की हा भागाकार फार सोपा वाटतो. तो फसवा आहे हे निघायच्या तीन आठवडे आधी लक्षात आले, कारण थांबायच्या जागांची यादी करताना निम्म्याहून अधिक जागा एकट्या दक्षिण किनाऱ्यावर येत होत्या. शेवटी राजधानी रेक्याविकहून पूर्वेला हॉफ्न या बंदराच्या गावापर्यंत साधारण साडेचारशे किलोमीटर जायचे आणि त्याच रस्त्याने परत यायचे, असे ठरवले. एकाच रस्त्याने दोनदा जाणे हा वेळेचा अपव्यय आहे असे मला अनेकांनी सुनावले. मला तसे वाटत नाही. जाताना ज्या डोंगरावर ढग बसलेला होता, तो येताना उघडा पडला होता; तेथे एवढी मोठी हिमनदी उतरते याचा जाताना आम्हाला पत्ताही लागला नव्हता.

या पट्ट्याचे वैशिष्ट्य असे, की पूर्वेकडे गाडी चालवताना डाव्या हाताला बर्फ आणि उजव्या हाताला समुद्र असतो, आणि मधल्या जेमतेम काही किलोमीटरच्या सपाटीवरून रस्ता जातो. सुरुवातीला सेल्यालांड्सफॉस आणि स्कोगाफॉस हे साधारण साठ मीटर उंचीचे दोन धबधबे लागतात. ते ज्या कड्यावरून पडतात, तो एके काळचा समुद्रकिनारा आहे. समुद्र मागे हटला आणि कडा आत राहिला. घाटमाथ्यावरून कोकणाकडे पाहण्याची सवय असलेल्याला हा कडा लगेच ओळखीचा वाटतो, फक्त येथे खाली उभे राहून वर पाहायचे असते. पहिल्या धबधब्याच्या मागून जाता येते, आणि तेथे रेनकोट असूनही माणूस भिजतोच.

पुढे सोलहेमायोकुत्ल ही हिमनदी लागते. (या भाषेत दोन ल जोडून आले की बहुधा 'त्ल' असा उच्चार होतो, म्हणून 'योकुत्ल', म्हणजे हिमनदी. 'फॉस' म्हणजे धबधबा, 'वीक' म्हणजे लहान उपसागर, 'ए' म्हणजे बेट. २०१० साली ज्या ज्वालामुखीने युरोपभरची विमाने जमिनीवर बसवली, त्या एयाफ्यात्लायोकुत्लचा अर्थ केवळ 'बेटडोंगरांची हिमनदी' असा आहे. वृत्तनिवेदकांनी त्या नावाची धास्ती उगाच घेतली होती.) या हिमनदीच्या टोकाचा बर्फ पांढराशुभ्र असेल अशी आईची अपेक्षा होती. प्रत्यक्षात तो जुन्या ज्वालामुखींच्या राखेने काळवंडलेला असतो आणि लांबून पाहिले तर डोंगर खणून टाकलेल्या राडारोड्यासारखा दिसतो. जवळ गेल्यावर भेगांमधून आतला निळा रंग दिसू लागतो. २०१० पासून जवळच्या शाळेतील मुले दर शरद ऋतूत येथे येऊन हिमनदीचे टोक किती मागे गेले ते मोजतात. पत्नी शाळेत भूगोल शिकवते; तिने त्या नोंदींपुढे जेवढा वेळ घालवला, तेवढा कोणत्याही धबधब्यापुढे घालवला नाही.

वीक गावानंतर वस्ती विरळ होत जाते आणि स्केदारारसांदुर नावाचे, हिमनद्यांच्या पुरांनी आणून टाकलेल्या काळ्या वाळूचे आणि गोट्यांचे प्रचंड मैदान सुरू होते. एक क्रमांकाचा वळसा १९७४ साली पूर्ण झाला तो याच मैदानावरचे पूल बांधून झाल्यावर. त्याआधी पलीकडच्या लोकांना गाडीने राजधानीला जायचे तर पूर्व आणि उत्तर किनारा फिरून जावे लागे. रस्त्याच्या कडेला एका ठिकाणी लोखंडी तुळया पडलेल्या आहेत. पुलाच्या तुळया, मनगटाने पिळून टाकलेल्या ओल्या पंचासारख्या वळलेल्या. ३० सप्टेंबर १९९६ रोजी वात्नायोकुत्ल या अवाढव्य बर्फाच्या घुमटाखाली ज्वालामुखीचा उद्रेक झाला, वितळलेले पाणी बर्फाखालच्या सरोवरात महिनाभर साठत गेले आणि ५ नोव्हेंबरला ते बाहेर पडले. पुराचा जोर शिगेला पोहोचला तेव्हा सेकंदाला पन्नास हजार घनमीटरच्या आसपास पाणी वाहत होते आणि त्यातून घरांएवढे हिमखंड येत होते. एक पूल वाहून गेला, दुसऱ्याचा काही भाग तुटला, परंतु माणूस एकही दगावला नाही, कारण पाणी साठत असल्याचे सर्वांना ठाऊक होते आणि रस्ता आधीच बंद केलेला होता.

हे मी फलकावरचे वाचून आईला मराठीत सांगत होतो. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले तेव्हा ती सात वर्षांची होती आणि नारायण पेठेत राहत होती. आजोबांनी तिला खांद्यावर घेऊन पर्वतीची वाट धरली होती. तिने त्या तुळईवर तळहात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. मग म्हणाली, "म्हणजे यांना महिनाभर आधी कळले होते." गाडीत बसल्यावर तिने घरातले कोणते भांडे कोठे सापडले ते सांगायला सुरुवात केली. ते ऐकताना मी ताशी साठच्या वर गाडी नेली नाही.

योकुल्सआरलोन या हिमनगांच्या सरोवराजवळ आम्ही दोन रात्री राहिलो. त्याविषयी खाली प्रतिसादांत लिहितो, कारण त्याला एका परिच्छेदात बसवणे मला जमणार नाही.

मुळाकाठची

लेख आवडला. काही व्यावहारिक प्रश्न विचारते, कारण आम्हीही सासूबाईंना घेऊन जाण्याचा विचार करत आहोत. एक, काकूंना हिमनदीवर चालता आले का? दोन, रस्त्याच्या उजव्या बाजूने गाडी चालवण्याची सवय व्हायला किती दिवस लागले? आणि तीन, शाकाहारी माणसाच्या जेवणाचे काय?

सह्यवाट (पुणे)

आई हिमनदीवर गेली नाही. मी आणि पत्नी वाटाड्याबरोबर तीन तास चाललो. बुटांना खिळ्यांचे क्रॅम्पॉन बांधून देतात, आणि पाय घासत न नेता प्रत्येक पाऊल आपटून टाकायचे असते. पहिली वीस मिनिटे आपण एखाद्या मिरवणुकीत चालत आहोत असे वाटते. वाटाड्याशिवाय बर्फावर पाऊल ठेवू नये. वरून सपाट दिसणाऱ्या बर्फाखाली भेग असू शकते. आईने वाहनतळापासून टोकाजवळच्या तळ्यापर्यंतची पायवाट केली आणि तिला ती पुरेशी वाटली.

गाडीबाबत सांगायचे तर उजव्या बाजूची सवय अर्ध्या दिवसात होते. खरा घोटाळा इंडिकेटरचा होतो. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत इंडिकेटरची दांडी उजव्या हाताला असते, तेथे ती डाव्या हाताला असते. त्यामुळे पहिले दोन दिवस प्रत्येक वळणावर मी कोरड्या काचेवर वायपर फिरवत होतो. गोलचौकात दोन पदर असतील तर आतल्या पदरातून बाहेर पडणाऱ्या गाडीला तेथे आधी जाऊ द्यायचे असते. हे ठाऊक नसेल तर रेक्याविकमध्येच पाहुणचार होईल. गावाबाहेर डांबरी रस्त्यावर वेगमर्यादा ताशी ९०, खडीच्या रस्त्यावर ८०, आणि गावात बहुधा ५० असते. दिवसाही दिवे चालू ठेवावे लागतात. आपल्या परवान्याबरोबर आरटीओकडून मिळणारा आंतरराष्ट्रीय परवाना अवश्य न्यावा. तो एक वर्ष चालतो.

एकपदरी पुलांविषयी स्वतंत्रपणे लिहिले पाहिजे. 'एकपदरी पूल' अशी पाटी आली की वेग कमी करून समोर पाहायचे, आणि जो आधी पुलाशी पोहोचला त्याला आधी जाऊ द्यायचे. डिसेंबर २०१८ मध्ये नुप्सव्होत्न नदीवरच्या अशाच पुलावरून पर्यटकांची गाडी खाली कोसळून तिघांचा मृत्यू झाला होता. आपल्याला समोरच्याला दिवे मारून पुढे घुसण्याची जी सवय आहे, ती विमानतळावरच सोडून द्यावी.

जेवणाचे म्हणाल तर स्वयंपाकघर असलेली खोली घ्या आणि किराणा दुकानातून सामान आणा. आम्ही थालीपीठाची भाजणी, मेतकूट आणि लसणाची चटणी नेली होती. तेथे स्कीर नावाचा जो दह्याचा प्रकार सर्वत्र मिळतो, तो म्हणजे आपला चक्काच. आईने दुसऱ्याच दिवशी त्यात साखर आणि वेलदोड्याची पूड घालून श्रीखंड केले आणि घरमालकिणीला वाटीभर दिले. नळाचे गार पाणी थेट पिण्याजोगे असते. गरम पाण्याला काही ठिकाणी गंधकाचा वास येतो, कारण ते जमिनीतूनच गरम होऊन येते. आंघोळीला त्याने काही बिघडत नाही.

कातळवेडा

मी भूशास्त्राचा निवृत्त शिक्षक आहे, त्यामुळे थोडी भर घालतो आणि आपल्या निवडीविषयी थोडी तक्रारही करतो.

पुणेकराला आइसलंडमध्ये परके वाटण्याचे कारण नाही. आपल्या पायाखालचा काळा बेसाल्ट आणि तेथील बेसाल्ट हे नात्यातलेच आहेत. आपला दख्खनचा लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिला. आइसलंडमधले सर्वांत जुने उघडे खडक दीडएक कोटी वर्षांचे आहेत, आणि आपण ज्या दक्षिण पट्ट्यातून गेलात तेथील बरेचसे त्याहूनही पुष्कळ तरुण आहेत. देशाच्या मधोमध भूपट्ट वर्षाला सुमारे दोन सेंटीमीटर वेगाने एकमेकांपासून दूर जात असल्यामुळे तेथे खडक अजून घडतच आहे. वीकजवळच्या रेनिसफ्यारा किनाऱ्यावर जे षट्कोनी खांब दिसतात, तसेच खांब पाहायला अंधेरीच्या गिल्बर्ट हिलला जाता येते. लाव्हा थंड होताना आकसतो, आकसताना त्याला भेगा पडतात, आणि कमीत कमी ताणात तुटायचे तर सहा बाजूंच्या भेगा सोयीच्या पडतात.

काळ्या वाळूविषयी मात्र एक गैरसमज नेहमी दिसतो, तो आधीच दूर करतो. रत्नागिरीच्या मांडवीचा काळा समुद्र आणि रेनिसफ्यारा यांची तुलना केली जाते. रंग सारखा असला तरी घडण वेगळी आहे. रत्नागिरीच्या वाळूत इल्मेनाइटसारखी जड खनिजे लाटांनी निवडून एकत्र केलेली आहेत. आइसलंडची वाळू म्हणजे थेट बेसाल्टचा आणि ज्वालामुखीय काचेचा चुरा, आणि तो प्रामुख्याने बर्फाखालच्या उद्रेकांतून आणि पुरांतून आलेला आहे.

आता तक्रार. आपण हॉफ्नहून परत फिरलात. आणखी शंभरएक किलोमीटर गेला असतात तर द्युपिवोगुर गावाजवळ तेइगारहॉर्न लागले असते. झिओलाइट खनिजांसाठी ते जगप्रसिद्ध आहे, आणि आपल्या वाघोलीच्या खाणींतून निघणारी झिओलाइटे तितकीच प्रसिद्ध आहेत. बेसाल्टमधल्या पोकळ्यांत गरम पाणी फिरून हे स्फटिक तयार होतात. वाघोलीच्या माणसाने तेइगारहॉर्नच्या उंबऱ्यावरून परत यावे, याचे मला वाईट वाटते.

सह्यवाट (पुणे)

कातळवेडा सर, वाघोलीचा मुद्दा मनाला लागला. हे आधी माहीत असते तर एक दिवस नक्की काढला असता.

रेनिसफ्यारा निघालाच आहे तर सांगतो. कोकणात वाढलेल्या माणसाला समुद्राचे भय नसते, आणि तेच तेथे घातक ठरते. आपल्या किनाऱ्यावर तळ हळूहळू खोल होत जातो, त्यामुळे लाट दुरूनच फुटून दमत येते. तेथे तळ एकदम खोल जातो. दहा-बारा लाटा सुस्त येतात आणि मग एक लाट एकाएकी किनाऱ्यावर पंधरा-वीस पावले जास्त चढते, परतताना पायाखालची वाळू घेऊन जाते, आणि पाणी इतके थंड असते की पोहता येणाऱ्याचेही हातपाय चालत नाहीत. तेथे अनेक पर्यटकांचे जीव गेले आहेत. आता प्रवेशाजवळ पिवळ्या-लाल दिव्यांची खूण बसवलेली आहे. आम्ही गेलो तेव्हा पिवळा दिवा होता, आणि तरीही काही जण समुद्राकडे पाठ करून फोटो काढत होते. आई त्यांच्यावर मराठीतून ओरडली. समजले कोणालाच नसावे, पण दोघे मागे सरकले.

प्रदक्षिणा_पूर्ण

मी पूर्ण वळशाच्या बाजूने बोलतो, कारण हा धागा वाचून कोणी उत्तर आइसलंड वगळू नये असे मला वाटते. आम्ही जूनमध्ये अकरा दिवसांत पूर्ण फिरलो. वात्नायोकुत्लचे पाणी केवळ दक्षिणेला येते असे नाही. त्याच बर्फातून निघालेली एक नदी उत्तरेकडे वाहत जाते आणि देत्तिफॉस या धबधब्यावरून सुमारे शंभर मीटर रुंदीने पंचेचाळीस मीटर खाली कोसळते. ते पाणी हिमनदीने आणलेल्या गाळामुळे इतके गढूळ असते, की पावसाळ्यात खडकवासल्यातून सोडलेल्या पाण्याची आठवण येते. दक्षिणेचे निळे बर्फ पाहून उत्तरेचे हे राखाडी पाणी पाहिले नाही, तर हिमनदी काय काम करते हे अर्धेच कळते. शिवाय जूनमध्ये रात्र होतच नाही, त्यामुळे दिवसाला १६५ किलोमीटर हा हिशेब तेव्हा तितका चुकत नाही.

सह्यवाट (पुणे)

आपले म्हणणे रास्त आहे, आणि अकरा दिवस असते तर मीही कदाचित गेलो असतो. आठ दिवसांत मात्र नाही. सप्टेंबरच्या मध्यावर दिवस साधारण तेरा तासांचा असतो, त्यातले दोन-तीन तास वारा-पाऊस खाऊन टाकतो, आणि आईला दर दीड तासाने पाय मोकळे करावे लागत. प्रदक्षिणा घेतली असती तर आम्ही योकुल्सआरलोनला फार तर दोन तास दिले असते.

त्या दोन रात्रींविषयी लिहायचे राहिलेच आहे. ब्रेदामेर्कुरयोकुत्ल ही वात्नायोकुत्लची एक शाखा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिचे टोक समुद्रापासून जेमतेम एक किलोमीटरवर होते. नंतर ती मागे सरकू लागली, १९३० च्या दशकात तिच्यापुढे खळगा उघडा पडून त्यात पाणी साठू लागले, आणि आज तेथे अडीचशे मीटरच्या आसपास खोल सरोवर आहे, देशातले सर्वांत खोल. ज्यांच्या आजोबांनी तेथे केवळ बर्फ पाहिला असेल, त्यांची नातवंडे आज त्याच जागी पर्यटकांना बोटीतून फिरवतात.

पहिल्या संध्याकाळी आम्ही पोहोचलो तेव्हा ओहोटी होती. सरोवरातून समुद्राकडे जाणारा प्रवाह अगदी आखूड आहे, त्यावर १९६७ साली बांधलेला पूल आहे, आणि त्याखालून हिमखंड एकामागून एक बाहेर निघाले होते. दुसऱ्या दिवशी भरतीच्या वेळी गेलो तर पाणी उलटे आत येत होते आणि कालचे दोन लहान खंड पुन्हा सरोवराच्या तोंडाशी येऊन घुटमळत होते. खाडीच्या मुखाशी राहिलेल्या कोणालाही हे दृश्य परके नाही. फक्त आपल्याकडे अशा वेळी नारळाच्या झावळ्या आणि होड्या उलट्या येतात. समुद्राच्या पाण्याबरोबर मासे आत येतात आणि माशांमागे सील येतात. आईला एक सील दिसला, तो तिच्याकडे इतका वेळ पाहत राहिला, की ती त्याला "काय रे?" म्हणाली.

पुलापलीकडच्या काळ्या वाळूवर लाटांनी घासून गुळगुळीत केलेले बर्फाचे तुकडे पडलेले असतात. मी नारळाएवढा एक तुकडा उचलून सूर्याकडे धरला. त्यात बुडबुडे जवळजवळ नव्हतेच. वरच्या बर्फाच्या भाराने हवा बाहेर निघून जाते, बर्फ दाट होतो, आणि मग त्याच्या जाड थरातून जाणाऱ्या प्रकाशातला लाल भाग शोषला जाऊन निळा उरतो. म्हणून मोठे हिमनग निळे दिसतात आणि हातातला हा तुकडा काचेसारखा पारदर्शक दिसतो. हे मी पुस्तकात वाचले होते, पण तुकडा हातात असताना बोटे बधिर होईपर्यंत ते खरेच आहे का ते पाहत बसलो.

वाऱ्याचा_मार

आता माझी एक गाऱ्हाणीवजा हकिकत सांगतो, कारण सगळा धागा फारच सुखाचा चालला आहे. वात्नायोकुत्लच्या पायथ्याशी एका वाहनतळावर मी गाडी वाऱ्याकडे पाठ करून लावली आणि चालकाच्या बाजूचे दार एका हाताने उघडले. वाऱ्याने दार हातातून हिसकावून पुढच्या बाजूला असे फिरवले, की बिजागरी वाकली आणि दार नंतर बंदच होईना. उरलेले सत्तर किलोमीटर मी दार दोरीने बांधून आलो. मी सर्व प्रकारचा विमा घेतला आहे अशी माझी समजूत होती. गाडी देणाऱ्या कंपनीने करारातले कलम काढून दाखवले, की वाऱ्याने दाराचे झालेले नुकसान कोणत्याच विम्यात बसत नाही. पैसे कार्डावरून वळते झाले. पुण्याला परतल्यावर मी तो करार पहिल्यांदा पूर्ण वाचला.

तेव्हा गाडीचे तोंड वाऱ्याकडे करून उभी करा आणि दार दोन्ही हातांनी धरून उघडा. खडीपासूनचा आणि वाळू-राखेपासूनचा विमा वेगळा घ्यावा लागतो. वाळूच्या वादळात गाडीचा रंग अक्षरशः खरवडून निघतो. आतल्या डोंगराळ भागातल्या नद्या गाडीने ओलांडताना इंजिनात पाणी गेले तर त्याचेही पैसे आपणच भरायचे असतात. आणि रस्ता सोडून गाडी मोकळ्या जमिनीवर नेणे हा तेथे गुन्हा आहे.

तळजाई_फेरी

प्रामाणिक शंका विचारतो, राग नसावा. हिमनदी पाहायला इतक्या दूर आणि इतक्या खर्चात कशाला जायचे? गंगोत्रीची हिमनदी तीसएक किलोमीटर लांब आहे, तिच्या मुखाशी गोमुख आहे, आणि तेथे जायला शेंगेन व्हिसाच्या रांगेत उभे राहावे लागत नाही.

सह्यवाट (पुणे)

राग अजिबात नाही, मी दहा वर्षांपूर्वी गोमुखला जाऊन आलो आहे. परंतु गंगोत्रीपासून गोमुख सुमारे अठरा किलोमीटर पायी आहे आणि ते चार हजार मीटरच्या आसपास उंचीवर आहे. आईला मी तेथे नेऊ शकलो नसतो. आइसलंड उत्तर ध्रुववृत्ताला खेटून असल्यामुळे आणि तेथे हिमवर्षाव भरपूर होत असल्यामुळे हिमनद्या जवळजवळ समुद्रसपाटीपर्यंत उतरतात. विरळ हवेचा प्रश्न नाही, चढ नाही. गाडीतून उतरून शंभर पावलांवर हिमनग. सत्तरीच्या माणसाला हिमनदी जवळून दाखवायची असेल तर याहून सोपी जागा मला ठाऊक नाही. खर्चाबाबत आपण म्हणता ते खरेच आहे, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

मुळाकाठची

बर्फाच्या गुहांविषयी कोणी बोलले नाही. जाहिरातींत तर त्याच सर्वांत जास्त दिसतात.

सह्यवाट (पुणे)

आम्ही गेलो नाही. आम्ही पोहोचण्याच्या काही आठवडे आधीच, ऑगस्ट २०२४ मध्ये, ब्रेदामेर्कुरयोकुत्लवर वाटाड्याबरोबर गेलेल्या गटावर बर्फ कोसळून एका पर्यटकाचा मृत्यू झाला होता. या गुहा वितळलेल्या पाण्याने कोरलेल्या असतात आणि दरवर्षी बदलतात. थंडीत बर्फ घट्ट असतो तेव्हाच त्यांत जाणे त्यातल्या त्यात सुरक्षित समजले जाते. उन्हाळ्यात कोणी नेतो म्हणाला तरी जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

मुळाकाठची

सर्वांचे आभार. आमचे ठरले: मे महिन्याच्या अखेरीस, नऊ दिवस, दक्षिण किनारा, आणि कातळवेडा सरांच्या आग्रहाखातर द्युपिवोगुरपर्यंत. सासूबाईंनी भाजणीचे प्रमाण काकूंकडून मागवले आहे. मे महिन्यात जाताना आणखी काही लक्षात ठेवावे का?

वाऱ्याचा_मार

दोन्ही हातांनी. विसरू नका.

सह्यवाट (पुणे)

बऱ्याच पेट्रोलपंपांवर माणूस नसतो, कार्ड आणि चार आकडी पिन लागतो. त्यामुळे कार्डावर परदेशातले व्यवहार चालू करून घ्या, आणि वीक सोडताना टाकी भरून घ्या. रोज सकाळी हवामान आणि रस्त्यांची स्थिती दाखवणारी तेथील सरकारी संकेतस्थळे पाहूनच निघा. अडचण आली तर ११२. दुसरे म्हणजे, मे महिन्यात वीकजवळच्या कड्यांवर पफिन पक्षी घरटी करायला आलेले असतात आणि काही भाग त्यांच्यासाठी बंद ठेवलेला असू शकतो. ते ऑगस्टच्या मध्यापर्यंत समुद्रावर परततात. आम्हाला सप्टेंबरमध्ये एकही दिसला नाही आणि आई अजून त्याबद्दल मला बोलते. दिसले तर फोटो येथेच टाका, तिला दाखवतो. भाजणीचे प्रमाण तिने वहीत लिहून ठेवले आहे, आज संध्याकाळी टंकून पाठवतो.